सानरेडामच्या चर्चची कॉपी करताना पांढऱ्या भिंती मळकट आणि जागा लहान का वाटते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई सतराव्या शतकातला डच चित्रकार पीटर सानरेडाम याचं, नेदरलँड्समधल्या युट्रेक्टच्या ब्यूरकर्क चर्चचं चित्र (१६४४चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे ते) अॅक्रिलिकमध्ये कॉपी करतायत. ग्रिड टाकून रेषा काटेकोर उतरवल्यात, घरी १८ बाय १८ इंचाचा कॅनव्हास पडून होता म्हणून वरचं थोडं छत कापलंय, बाकी सगळं जसंच्या तसं. तरी भिंती मळकट दिसतायत, सासूबाई म्हणाल्या की ओल आलीय वाटतं, आणि एवढं अवाढव्य चर्च चित्रात मंगल कार्यालयाएवढं वाटतंय. तर पांढऱ्यात नेमका कुठला रंग मिसळायचा?

सासूबाईंची नजर चांगली आहे हे आधी सांगून टाकते, ओलच आहे ती.

माझी ओळख एवढीच की मी २१ वर्षं आर्किटेक्ट लोकांना हाताने परस्पेक्टिव्ह (म्हणजे इमारत प्रत्यक्षात डोळ्याला कशी दिसेल त्याची चित्रं) काढून दिले, कॉम्प्युटर आल्यावर ते काम हळूहळू बंद झालं, आता शिकवते. सानरेडामच्या दोन कॉप्या केल्यात. पहिली इतकी वाईट झाली की ती आमच्या घरी न्हाणीघराच्या दाराशेजारी लावलीय, म्हणजे ओल आलीय की रंगच तसाय हे कुणी विचारत नाही.

तुम्ही विचारलंय रंगाबद्दल, पण मला वाटतं तुमच्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत. भिंत मळकी दिसणं आणि जागा लहान वाटणं, दोन्हीचं कारण एकच, तुम्ही प्रत्येक खांब वेगवेगळा सुटा रंगवलाय. एक बाजू उजेडाची, एक सावलीची, मध्ये ग्रे, शाळेत सिलिंडरचं शेडिंग शिकवतात तसं. मग जवळचा खांब असो की लांबचा, प्रत्येकाला सारखाच काळा आणि सारखाच पांढरा मिळतो. सगळ्यांना सारखा पगार दिला की कोण पुढचं कोण मागचं डोळ्याला कळतच नाही. तुमचा कॅनव्हास मी पाहिलेला नाही, पण वर्णनावरून नव्वद टक्के हेच झालंय. बाकी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, म्हणजे तुम्ही दिवसा रंगवता की रात्री ट्यूबलाइटखाली, रेफरन्स मोबाइलवर बघता की प्रिंटवर, आणि तुम्हाला हुबेहूब कॉपी हवीय की त्या जागेची फीलिंग. मी दुसरं गृहीत धरतेय.

आता मुळात त्या भिंती पांढऱ्या का आहेत हे बघू, कारण त्यातच उत्तर आहे. ही चर्चेस आधी कॅथलिक होती, आत मूर्ती, रंगवलेल्या भिंती, वेद्या, मेणबत्त्या, सगळं होतं. १५६६मध्ये नेदरलँड्सभर मूर्तिभंजनाची लाट आली, पुढे एकेक शहर प्रोटेस्टंटांच्या, म्हणजे चर्चमध्ये मूर्ती नकोत म्हणणाऱ्या पंथाच्या ताब्यात गेलं, युट्रेक्टमध्ये १५८० साली कॅथलिक उपासनेवर बंदीच आली. मग मूर्ती गेल्या, वेद्या गेल्या, आणि भिंतींवर चुन्याचे हात बसले. हॉलंडच्या किनाऱ्याकडे हा चुना समुद्राचे शिंपले भाजून करायचे, आपल्या कोकणात करायचे तसाच. ज्यांनी आजोळी चुना दिलेली खोली बघितलीय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. चुन्याची भिंत चमकत नाही. ऑइलपेंटसारखा एका जागी उजेडाचा डाग पडत नाही तिच्यावर, आलेला उजेड ती सगळीकडे पसरवून परत देते. एक खिडकी असली तरी खोलीभर उजेड असतो, आणि तो कुठून येतोय हे बोट दाखवून सांगता येत नाही.

म्हणजे या चित्रांत उजेड खिडकीतून आत येतो हे अर्धंच खरं. आत आल्यावर तो एका भिंतीवरून दुसरीवर, फरशीवरून कमानीच्या पोटात, तिथून परत खांबावर असा फिरत राहतो. सावलीची बाजू म्हणून तुम्ही जिथे काळा मिसळलाय तिथे खरं तर समोरच्या पांढऱ्या भिंतीचा उजेड पडलेला आहे. ती सावली नाहीये, तो कमी उजेड आहे. शब्दांचा खेळ वाटेल, पण रंग मिसळताना हाच फरक नडतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. बुटाचं खोकं घ्या, आतून पांढरा कागद चिकटवा. एका लांब बाजूला कटरने तीन उभ्या खिडक्या कापा, आणि एका आखूड बाजूला डोळा लावण्यापुरतं भोक. झाकण लावून खिडक्यांची बाजू दिवसा उजेडाकडे करा (ऊन थेट नको) आणि आत बघा. पहिली गोष्ट अशी दिसेल की जिच्यात खिडक्या आहेत तीच भिंत आतून सगळ्यात मंद आहे आणि समोरची उजळ. दुसरी, वरचं झाकण आतून काळं नाहीये, त्याला खालून उजेड मिळतोय. आता तळाला लाल घोटीव कागद ठेवा, झाकणाचं पोट गुलाबी झालेलं दिसेल. पिवळा ठेवलात तर मलईसारखं होईल. मी हे वर्गात करते तेव्हा मुलं दहा मिनिटं खोक्यातून डोळा काढत नाहीत. सानरेडामच्या पांढऱ्यात जो फिकट पिवळा, थोडा गुलाबी, कुठे करडा दिसतो ना, तो असा येतो, खालच्या दगडी फरशीचा, लाकडाचा, शेजारच्या भिंतीचा. त्यामुळे "पांढऱ्यात कुठला रंग" याचं एक उत्तर देताच येत नाही, ती भिंत कुणासमोर उभी आहे त्यावर ते ठरतं.

तरी काहीतरी ठोस हवं असणार, तर हे घ्या. काळा ट्यूबमधून बाहेरच काढू नका. टायटॅनियम व्हाइटमध्ये काळा घातला की निळसर, सिमेंटसारखा ग्रे होतो, तीच तुमची ओल. माझ्या पहिल्या कॉपीत मी नेमकं हेच केलं होतं, वर ते सुधारायला पिवळा फासला, मग हिरवट झालं, म्हणजे शेवाळसुद्धा आलं! आता मी टायटॅनियम व्हाइटमध्ये उबदार बाजूला यलो ऑकर किंवा रॉ सिएना आणि थंड बाजूला रॉ अंबर अधिक थेंबभर अल्ट्रामरीन एवढंच वापरते. आणि सहा पांढरे आधी करून ठेवते, चित्राला हात लावायच्या आधी, कार्डाच्या पट्टीवर, प्रत्येक चौकोन सुपारीएवढा. अॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून पट्टी पूर्ण वाळू द्या आणि मगच ठरवा. ओल्या रंगावरून ठरवलंत तर अख्खी भिंत एक पायरी खाली उतरते, आणि मग ती उचलायला आपण त्यावर परत शुद्ध पांढरा थापतो, मग खडूसारखी दिसते. ऑइलमध्ये करत असाल तर हा त्रास कमी.

सहा पांढऱ्यांपैकी सगळ्यात गडद पांढरा आणि सगळ्यात फिका पांढरा यांच्यात अंतर किती? तुम्हाला वाटेल त्याच्या निम्मं ठेवा. डोळे मिचमिचे करून पट्टी बघितली तर सहाचे तीनच दिसले पाहिजेत.

मग चित्रात जोर येणार कुठून? इथे मूळ चित्राकडे परत जा. नॅशनल गॅलरीच्या साइटवर झूम होतं, मोबाइल नको, मोठ्या स्क्रीनवर बघा. आणि फोटो एकदा ब्लॅक अँड व्हाइट करा. खरोखर गडद असं किती आहे ते मोजा. बोटावर मोजण्याएवढं निघेल. उजवीकडे खाली दोन पोरं आहेत, एक उभा राहून भिंतीवर चित्र काढतोय, दुसरा बसून कुत्र्याला दोन पायांवर उभं राहायला शिकवतोय. त्यांच्या वरच्या बाजूला बायबलमधला मोझेस आणि दहा आज्ञांचा फलक. मूर्ती काढून टाकल्या आणि शब्द टांगले, आणि त्या फलकाखालीच पोरगं भिंत रंगवतंय, ही गंमत सानरेडामने मुद्दाम केलीय असं माझं मत. भिंतीवर घोड्यावर बसलेल्या चार भावांचं गिरगोटी चित्र आहे, जुन्या लोककथेतलं, आणि तिथेच सानरेडामने स्वतःचं नाव आणि साल घातलंय, जणू काही तीही पोरांचीच करामत. तर गडद हे असं लहान लहान आणि खाली, माणसाच्या उंचीवर साठवलंय. वरचा अख्खा भाग फिका. काळा रंग तुम्ही खांबांवर उधळलात तर या पोरांसाठी काय उरणार?

हार्लेमच्या मोठ्या चर्चमध्ये, सेंट बाव्होत, त्याने हेच ऑर्गनवर केलंय. १६३६चं चित्र आहे, अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. सगळं फिकट आणि त्यात एक ऑर्गन सोनेरी आणि रंगीत. (तिथे आज जो प्रसिद्ध ऑर्गन आहे तो नंतरचा, १७३८चा. चित्रातला वेगळा, जुना.) राइक्सम्युझियमची मोठी इमेज फुकट डाउनलोड करता येते, करून ठेवा.

आता जागेचा मुद्दा. तुमची पहिली चूक मी प्रश्न वाचतानाच पकडली, ती छत कापण्याची. मूळ चित्र लाकडी फळीवर आहे, साधारण ६० बाय ५० सेंटीमीटर, उभं. तुम्ही चौरसात बसवलं म्हणजे उंचीतला सहावा हिस्सा गेला, आणि तोही वरचा. या चित्रात क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची पातळी, फार खाली आहे. उरलेलं सगळं डोक्याच्या वर. तेच "वर" तुम्ही कापलंत, मंगल कार्यालय झालं. यावर रंगाचा इलाज नाही, कॅनव्हास बदला. २० बाय २४ इंचाचा मिळतो, तो बरोबर त्याच प्रमाणात बसतो.

दुसरी चूक केली असेलच असं नाही, पण बहुतेक जण करतात. माणसं. लहान आकृती ब्रशने काढणं अवघड म्हणून आपण नकळत ती जरा मोठी करतो, टोपी नीट दिसावी, चेहरा यावा वगैरे. आता हिशोब बघा. माणूस चित्रात ५ सेंटीमीटरचा हवा होता आणि तुम्ही साडेसहाचा केलात, तर त्याच्यामागचं २० मीटरचं छत डोळ्याला साधारण साडेपंधरा मीटरचं वाटायला लागतं. दगडाला मापपट्टी नसते ना, माणूस हीच मापपट्टी. मी परस्पेक्टिव्ह काढायचे तेव्हा बिल्डर लोक म्हणायचे मॅडम लॉबी मोठी दाखवा, मी लॉबी तशीच ठेवून माणसं बारीक करायचे, खूश व्हायचे. हे काही फार अभिमानाने सांगत नाहीये.

बरं, सानरेडाम तरी प्रामाणिक होता का? हा प्रश्न मला फार आवडतो. त्याची पद्धत अशी की आधी चर्चमध्ये बसून हाताने स्केच, त्यावर तारीख. मापं घ्यायची. मग घरी फूटपट्टी-कंपासने काटेकोर रचनाचित्र, मग ते फळीवर उतरवायचं, मग रंग. आणि यात वर्षं जायची. १६३६च्या उन्हाळ्यात तो युट्रेक्टला जाऊन काही महिने राहिला आणि तिथली चर्चेस काढत सुटला. ब्यूरकर्कचं स्केच १६ ऑगस्ट १६३६चं, चांगलं रुंद आहे, चर्चच्या उत्तर बाजूकडून दक्षिणेकडे आडवं बघितलेलं. त्या स्केचच्या उजव्या अर्ध्यातून तुमचं हे १६४४चं चित्र झालं आणि डाव्या अर्ध्यातून १६४५मध्ये दुसरं, ते आता अमेरिकेत फोर्ट वर्थला आहे. म्हणजे मधे आठ वर्षं. त्याच्या जन्मगावच्या, आसेनडेल्फ्टच्या चर्चचं तर आणखी लांबलं, स्केच १६३४, रचनाचित्र १६४३, रंगवलं १६४९. त्या चित्रात फरशीवर त्याच्या वडिलांची कबर आहे, ते नावाजलेले एन्ग्रेव्हर, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून चित्रं छापणारे, तो नऊ-दहा वर्षांचा असताना गेले.

हे सगळं सांगण्याचं कारण, आठ वर्षांनी घरात बसून रंगवणाऱ्या माणसाच्या चित्रात सकाळी साडेदहाचा उजेड असूच शकत नाही. त्या उजेडाला दिशा आहे, पण घड्याळ नाही. त्याने रचनाचित्रावरून विचार करून उजेड वाटलाय, कुठली भिंत पुढे यायला हवी, कुठली मागे जायला हवी यासाठी. आणि गरज पडली तिथे खांब उंच केलेत, वस्तू सरकवल्यात, एवढी मापं घेऊनसुद्धा. मला यात खोटेपणा वाटत नाही. चर्चमध्ये उभा असलेला माणूस मान वळवतो, वर बघतो, दोन पावलं चालतो, हे सगळं एका फळीवर मावत नाही, मग काहीतरी ताणावंच लागतं. तुम्ही मात्र त्या ताणलेल्या चित्राची कॉपी करताय, तेव्हा आणखी "करेक्शन" करू नका, बाजूचे खांब वेडेवाकडे वाटले तरी.

चर्चमध्ये एक बदल झाला होता तोही जागेसाठी महत्त्वाचा आहे. कॅथलिक काळात सगळ्यांचं तोंड एका टोकाला, वेदीकडे. म्हणून आधीच्या पिढीतली अँटवर्पकडची चर्चची चित्रं बोगद्यासारखी, मधोमध व्हॅनिशिंग पॉइंट (लांब जाणाऱ्या रेषा जिथे एकत्र येतात तो बिंदू), दोन्हीकडे खांबांची रांग, टोकाला वेदी. प्रोटेस्टंटांनी प्रवचन मध्यावर आणलं, लोक प्रवचनकाराच्या उंच चौथऱ्याभोवती गोळा होऊन बसायचे आणि टोकाचा भाग रिकामाच पडला. जागेला टोकच राहिलं नाही म्हणा ना. मग चित्रकाराला कुठूनही, आडवं, तिरकं बघायची मुभा मिळाली. डेल्फ्ट शहरातला चित्रकार हौकखेस्ट १६५०मध्ये तिथल्या न्यूवे केर्क या चर्चमध्ये चक्क कोपऱ्यातून बघतो, जाड खांब पुढ्यात आणि मागून राजपुत्र विल्यमची समाधी अर्धी झाकलेली. रेषा दोन्ही बाजूंना पळतात. तुम्हाला वाटतं जरा बाजूला सरकलो तर पुढचं दिसेल. जागा मोठी वाटण्याची ही वेगळी युक्ती, सगळं न दाखवण्याची.

आणि त्याच काळातला दुसरा चित्रकार, एमान्युएल द विटे. हा मात्र सानरेडामच्या अगदी उलटा. खांबावर, फरशीवर उन्हाचे तुकडे, पुढे पाठमोरी काळ्या झग्यातली माणसं, सावल्या खोल. चर्चेससुद्धा बऱ्याचदा मनची, एकाची कमान दुसऱ्याची खिडकी. तुमचा हात जर मुळातच गडद-उजेड असा जोरकस असेल, सिलिंडर शेडिंग सुटतच नसेल, तर खरं सांगते, द विटे घ्या कॉपीला. तुमच्या हाताला तो सोपा जाईल. सानरेडाम हा ज्याला कमी करायला आवडतं त्याचा चित्रकार आहे. दोघांचं मिश्रण मात्र करू नका, म्हणजे सानरेडामच्या भिंतीवर मजा म्हणून एक उन्हाचा तुकडा वगैरे. तो एक तुकडा पडला की बाकीचे सहा पांढरे एकदम घाणेरडे दिसतात.

कुणीतरी खाली कमेंटमध्ये लिहिलंय की ही चित्रं म्हणजे प्रोटेस्टंट साधेपणा आणि शांतता, म्हणून रिकामी. अर्धं मान्य. ही चर्चेस प्रत्यक्षात शांत नव्हती, लोक आत फिरायला यायचे, पोरं खेळायची, कुत्री हिंडायची, फरशीखाली कबरी असल्यामुळे खणाखणी चालायची. फान फ्लीट या चित्रकाराच्या डेल्फ्टच्या चर्चच्या चित्रांत तर उघडी कबर आणि बाजूला मातीचा ढीग असतो. शांतता सानरेडामने निवडलीय. आजची ब्यूरकर्क तर आपोआप वाजणाऱ्या वाद्यांचं म्युझियम आहे, तिथे शांततेचं नाव नको.

तर क्रम असा ठेवा. कॅनव्हास बदला, छत परत आणा. खोकं करून आत बघा, किमान एक दुपार त्यात घालवा. सहा पांढऱ्यांची पट्टी करून वाळवा. मग सगळ्यात लांबची भिंत आधी, मधल्या दोन पांढऱ्यांतच संपवा, तिथे तिसरा वापरायचा नाही. कडा मात्र तीक्ष्ण ठेवा, लांबचं म्हणून धूसर करू नका, तो फोटोचा प्रकार झाला. पुढे येत जाल तसा एकेक पांढरा वाढवा, सहाच्या सहा फक्त सगळ्यात जवळच्या खांबावर. पोरं, कुत्रा, फलक अगदी शेवटी. पोरांच्या कपड्यांसाठीही ट्यूबमधला काळा नको, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन पुरतं.

आणि झाल्यावर इथे फोटो टाकाल तेव्हा दिवसा, खिडकीशेजारी, फ्लॅश बंद करून काढा, आणि ती पांढऱ्यांची पट्टी कॅनव्हासला टेकवून फोटोत येऊ द्या, नाहीतर मोबाइल स्वतःच्या मनाने पांढरा ठरवतो आणि मग मी काय सांगणार. सासूबाईंनाही विचारा, पण आधी काही न सांगता.